मेल गेली, पण पोचली का?

वर्ष उलटून गेलं तरी मनातून न गेलेली एक गोष्ट आज लिहायला घेतली आहे. गोष्ट एका मेलची आहे. 'मेल' म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळ जणी पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. हा विषय नवऱ्याचा, मुलांचा, फार तर बँकेतल्या साहेबांचा, असं आपण धरूनच चालतो. मीही मराठी घेऊन बी.ए. झालेली आणि मग संसारात नि मंडळाच्या कामात रमलेली बाई. मंडळातल्या कॉम्प्युटरशी माझा संबंध त्यावरची धूळ पुसण्यापुरता. पण याच मेलपायी माझ्या हातून एका मुलीवर अन्याय झाला. म्हणून म्हणते, एवढं वाचाच.

आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळाचा शिवणवर्ग चालतो. चौदा बायका आहेत. कुणाचा नवरा रिक्षा चालवतो, कुणी एकटीच्या जिवावर दोन पोरं वाढवतेय. आमच्या कापडी पिशव्या आता पुण्यापर्यंत जातात. २०२४ च्या गणपतीत पुण्यातल्या एका कंपनीच्या बाईंचा फोन आला. दिवाळीची भेट द्यायला एक हजार पिशव्या हव्यात, दरपत्रक मेल करा, म्हणाल्या. पिशवीमागे पंचवीस रुपये शिलाई धरली, तरी प्रत्येक बाईच्या हातात सतराशे-अठराशे रुपये पडणार होते. दिवाळीच्या तोंडावर ही रक्कम म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मंडळाचा पत्रव्यवहार बघायला कॉलेजात जाणारी एक मुलगी येते. आई आमच्याच वर्गात शिवते. पोरगी हुशार, हाताला स्वच्छ. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला तिने दरपत्रक पाठवलं आणि मला सांगितलं, "ताई, मेल गेली."

आणि आम्ही वाट बघत बसलो. आठ दिवस झाले, दहा झाले. कोषाध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "पितृपक्ष आहे ना, नव्या कामाचं बोलत नसतील." मलाही ते पटलं! कंपनीचं ऑफिस पितृपक्ष पाळतं का, हे विचारायचंही सुचलं नाही. घटस्थापना झाली आणि दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. पलीकडून थंड आवाजात उत्तर आलं, "तुमचं दरपत्रक आलंच नाही. आम्ही काम दुसरीकडे दिलं."

त्या दुपारी वर्गात जे झालं ते आठवलं की आजही लाज वाटते. पोरगी कॉम्प्युटर उघडून दाखवत होती, "ही बघा, 'सेंट'मध्ये आहे." वहिनी म्हणाल्या, "पाठवली असती तर पोचली नसती का? पत्ता चुकवला असशील." कुणी म्हणालं, हल्ली हिचं लक्ष मोबाइलमध्येच असतं. आणि मी? मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. उलट म्हणाले, "एवढी मोठी कंपनी खोटं कशाला बोलेल?" मुलगी गप्प झाली. दसऱ्यानंतर ती यायची बंद झाली.

कोजागिरीला पुण्याहून भाचीचा फोन आला. ती कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. बोलता बोलता मी तिला ही कर्मकथा ऐकवली. तिने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, मेल परत आली होती का?" मी म्हटलं, मेल परत कशी येईल? ती हसली. मग म्हणाली, "त्या बाईंना सांग, स्पॅमचा कप्पा उघडून बघा. आजच सांग. बऱ्याच ठिकाणी त्या कप्प्यातलं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं."

मी भीत भीत फोन केला. बाई भल्या होत्या, त्यांनी फोन चालू ठेवूनच शोधलं. "हो ताई, आहे की! १८ सप्टेंबर, सकाळी अकरा चाळीस. स्पॅममध्ये पडलीय." अठ्ठावीस दिवस आमचं दरपत्रक त्यांच्याच घरात, त्यांच्याच अडगळीच्या खोलीत पडून होतं. आणखी दोन दिवस गेले असते, तर मुलगी खरं बोलत होती याचा पुरावाही उरला नसता.

आता हा स्पॅम काय प्रकार आहे, ते भाचीकडून समजून घेतलं. ते थोडक्यात सांगते, कारण समजलं की भीती जाते.

स्पॅम म्हणजे न मागता येणारी, ढिगाने पाठवलेली मेल. मुळात हे अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचं नाव. १९७० मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या एका प्रहसनात प्रत्येक पदार्थात तेच ते मांस येत राहतं, नको म्हटलं तरी येतं. त्यावरून हे नाव नकोशा मेलला पडलं. अशी पहिली जाहिरात १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने एकदम काही शे लोकांना पाठवली होती, असं मानतात. पुढे या मेलींचा इतका पूर आला की त्या अडवायला दारात राखणदार बसवावा लागला. तो राखणदार म्हणजे स्पॅम फिल्टर. तो माणूस नसतो. येणाऱ्या प्रत्येक मेलचे शब्द, पाठवणाऱ्याचा पत्ता, ती कुठल्या यंत्रावरून निघाली हे सगळं बघून तो अंदाज बांधतो आणि आत सोडतो किंवा बाजूला टाकतो.

अंदाज म्हटला की चूक आलीच. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने, शब्दांच्या शक्यता मोजून स्पॅम कसा ओळखावा, यावर एक लेख लिहिला. तो खूप गाजला. त्यात त्याने एक गोष्ट बजावली होती. चार फालतू मेली आत आल्या तर माणूस वैतागतो, पण एक खरी मेल अडवली गेली तर नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं. आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. आमची मेल त्यातला संन्यासी.

मग संन्याशाचा संशय का आला? भाचीने दिवाळीत येऊन पोलिसासारखा तपास केला. आधी पत्ता तपासला, बरोबर होता. मग मेल परत आली होती का ते पाहिलं. पत्ता चुकला किंवा समोरच्याने दारातूनच परतवली, तर बहुतेक वेळा 'मेलर-डेमन' अशा विचित्र नावाने एक इंग्रजी निरोप येतो. आपण तो घाबरून पुसून टाकतो. तो पुसायचा नाही, वाचायचा. त्यात एक आकडा असतो. आकडा पाचने सुरू होत असेल, जसं ५५०, तर दार कायमचं बंद समजायचं आणि कारण शोधायचं. चारने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते, यंत्र आपणहून पुन्हा प्रयत्न करतं. आमच्याकडे असा निरोपच नव्हता. म्हणजे मेल समोरच्या दारात पोचली होती आणि पुढे आत कुठेतरी अडकली होती.

मग तिने मंडळाच्या पत्त्यावरून स्वतःला एक मेल पाठवली. तीही थेट स्पॅममध्ये! जीमेलवर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांत गेलं, की कॉम्प्युटरवर तिचं मूळ रूप बघता येतं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी तीन नावं असतात आणि पुढे पास की नापास ते लिहिलेलं असतं. आमची मेल पहिल्याच विषयात नापास होती.

ही नावं ऐकून दडपून जाऊ नका. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्र टाकायचा अधिकार कुणाला, याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पूर्वी महत्त्वाच्या पाकिटावर लाख लावून शिक्का मारत, तसा शिक्का. वाटेत कुणी पाकीट फोडलं तर तो तुटतो. आणि डीमार्क म्हणजे, यादीत नाव नसेल नि शिक्काही जुळत नसेल तर त्या पत्राचं काय करायचं, याची मालकाने दिलेली सूचना. मंडळाच्या नावाची वेबसाइट माझ्या पुतण्याने हौसेने करून दिली होती. मेलचं काम नंतर त्याने दुसऱ्या कंपनीकडे नेलं, पण यादीत नाव जुन्याच कंपनीचं राहिलं. राखणदाराच्या दृष्टीने आमच्या नावाने भलताच कुणीतरी पत्र टाकत होता. ओळखपत्रावर जुना पत्ता असला की बँकेत आपली जी गत होते, तीच ही.

याबाबतीत हल्ली कडकपणाही वाढला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ढिगाने मेली पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. आपण एवढ्या पाठवत नाही, पण गूगलने लहान पाठवणाऱ्यांनाही यादी किंवा शिक्का यातलं एक तरी मागितलं आहे. तेव्हा तुमच्या संस्थेचा, दुकानाचा स्वतःच्या नावाचा मेल-पत्ता असेल, तर ज्याने तो करून दिला त्याला एवढंच विचारा, "तिन्ही पास आहेत का?" आमच्या पुतण्याला दुरुस्तीला अर्धा तास लागला. ती सगळीकडे लागू व्हायला मात्र एखाद-दोन दिवस जातात.

थोडी चूक आमचीही होती. मेलच्या विषयात लिहिलं होतं, 'अर्जंट!!! दिवाळी धमाका खास सवलत'. आत मजकूर एक ओळसुद्धा नाही, नुसती मोठी रंगीत चित्रं जोडलेली. आणि तीच मेल त्याच दिवशी आणखी साठ दुकानदारांना एकगठ्ठा पाठवलेली. भाची म्हणाली, "मावशी, ही मेल बघून मीसुद्धा उघडली नसती." आता आम्ही विषयात सरळ लिहितो, 'एक हजार कापडी पिशव्यांचे दरपत्रक'. आत नमस्कार, चार ओळींचा मजकूर, खाली नाव आणि फोन नंबर. चित्रं एक-दोनच.

हे झालं पाठवणारीचं. पण आपल्यापैकी बहुतेकींना मेल पाठवण्यापेक्षा ती मिळण्याशी जास्त काम पडतं. मुलीच्या प्रवेशाचं पत्र, शिष्यवृत्तीतली त्रुटी, नोकरीच्या मुलाखतीची तारीख, विम्याचा हप्ता, सगळं आता मेलवर येतं. आणि स्पॅममध्ये काही पडलं की फोन वाजत नाही, वर चिठ्ठी दिसत नाही. जीमेलमध्ये नाव टाकून शोधलं तरी स्पॅममधली मेल एरवी दिसत नाही. तो कप्पा वेगळाच उघडावा लागतो. मोबाइलवर जीमेल उघडलं की डावीकडे वर तीन आडव्या रेघा असतात. त्या दाबायच्या आणि खाली सरकत जायचं. तिथे स्पॅम असं लिहिलेलं सापडतं. महत्त्वाची मेल तिथे दिसली तर ती उघडून 'स्पॅम नाही' असं सांगायचं, म्हणजे राखणदारही शिकतो. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या संपर्कयादीत घालून ठेवायचा. जीमेलमध्ये स्पॅम तीस दिवसच राहतो, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवावा. मी गुरुवार धरला आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि स्पॅम, दोन्ही त्याच दिवशी!

आणखी एक. गूगलची फुकट जागा पंधरा जीबीची असते आणि त्यात मेल, फोटो, फायली सगळंच येतं. लग्नाबारशाच्या व्हिडिओंनी ती भरली की नवी मेल स्पॅममध्येही येत नाही, दारातूनच परत जाते. मेल येतच नसेल तर हेही बघा.

मात्र स्पॅममध्ये दिसेल ते उचलून घरात आणायचं नाही, हेही तितकंच खरं. वीज आज रात्री तोडणार, केवायसी संपली, लॉटरी लागली, असल्या मेली तिथेच बऱ्या. आपण जिथे अर्ज केलाय, जिच्याशी आधी बोललोय, तिचीच मेल उचलायची. शंका आली तर मेलमधल्या दुव्यावर बोट न लावता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी मदतक्रमांकावर तक्रार नोंदवायची.

आता मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं. अर्ज भरताना 'ई-मेल' असा रकाना येतो, तिथे आपण काय लिहितो? कुणी नवऱ्याचा पत्ता देते, कुणी भावाचा, कुणी ई-सेवा केंद्रातल्या पोराचा. त्या पोराच्या पत्त्यावर दोनशे घरांची पत्रं येत असतील. त्यातला स्पॅमचा कप्पा तुमच्यासाठी कोण उघडणार? आणि कायदा काय म्हणतो ते ऐका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तुम्ही दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत मेल शिरली की ती तुम्हाला मिळाली असं धरतात. तुम्ही ती वाचली का, हा प्रश्न त्यात येत नाही. म्हणजे जो पत्ता आपण अर्जावर लिहितो तो आपला दरवाजाच झाला. दरवाजाची किल्ली आपल्याच कनवटीला हवी. प्रत्येकीने स्वतःच्या नावाचा मेल-पत्ता काढावा, पासवर्ड स्वतःला पाठ असावा, हे मी आता बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगते.

पण सगळं ओझं आपणच का उचलायचं? ज्या संस्था, शाळा, कार्यालयं केवळ मेलवर मुदती ठरवतात, त्यांचीही काही जबाबदारी आहे की नाही? पूर्वी रजिस्टर एडी केलं की समोरच्याची सही घेऊन पोचपावतीचं कार्ड आपल्या घरी परत यायचं. ती रजिस्टर पोस्टाची सेवाही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. जुनं जातं, नवं येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोचपावतीची रीत का सोडायची? अर्ज घेतानाच 'आमची मेल या पत्त्यावरून येईल' असं सांगून ठेवा. मेलसोबत एक एसएमएस करा. मुदत संपायच्या आत उत्तर आलं नाही तर एक फोन करा. आणि 'आलीच नाही' असं म्हणण्याआधी आपला स्पॅमचा कप्पा एकदा उघडा. पाच मिनिटांचं काम आहे, त्यात चौदा घरांची दिवाळी होती.

आणि आपण बायकांनीही एक शिकायला हवं. यंत्र चुकलं की त्याचा दोष शेवटी कुणाच्या अंगावर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कंपनीच्या अंगावर आला नाही, पुतण्याच्या अंगावर आला नाही, माझ्याही आला नाही. खोलीतल्या सगळ्यांत लहान, सगळ्यांत गरीब मुलीच्या अंगावर आला. मोठ्या ऑफिसातली बाई एक वाक्य बोलली ते आम्ही ब्रह्मवाक्य मानलं. आमची पोरगी पुरावा दाखवत होती, तिच्याकडे बघितलंही नाही. सासुरवाशिणीवर येतात तसे आळ आपण आपल्याच लेकींवर घेतो.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं, चुकले म्हणाले. मुलगी काहीच बोलली नाही. तिची आई चहा टाकता टाकता म्हणाली, "ताई, ऑर्डर गेली त्याचं काही नाही. माझी पोर खोटं बोलत नाही, एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं."

ती ऑर्डर परत मिळाली नाही, ती मिळणारही नव्हती. त्या कंपनीने पुढे संक्रांतीला दोनशे पिशव्यांचं छोटं काम दिलं, तेवढंच. मुलगी मात्र दिवाळीनंतर पुन्हा येऊ लागली. आल्या आल्या तिने मंडळाच्या जावक वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'पोचली का?' मेल गेली की दुसऱ्या दिवशी ती फोन करते, उत्तर ऐकते, आणि मगच त्या रकान्यात बरोबरची खूण करते. तुमच्याही वहीत हा रकाना आखून घ्या.